भरावावरचं नाट्यगृह



हा अंक तीन आठवडे उशिरा तुमच्या हातात पडतोय. कागदाला पैसे नव्हते हे दर वेळचं रडगाणं याही वेळी खरंच आहे, पण उशीर त्यानं झाला नाही. आपल्यात भांडण लागलं म्हणून झाला. भांडण उघड सांगतो. झाकपाक करायला आपण काही सदाशिव पेठेतलं साहित्य मंडळ चालवत नाही.

झालं असं की मुंबईतल्या एका मोठ्या, काचेच्या, गारेगार नाट्यगृहाकडून आपल्या कलापथकाला बोलावणं आलं. लोककलांचा महोत्सव आहे, त्यात वीस मिनिटं आंबेडकरी जलसा करा म्हणाले. मानधन एवढं की पथकातल्या सगळ्या पोरांनी मिळून एकरकमी एवढा पैसा कधी पाहिलेला नाही. नाट्यगृहाचं नाव इथं लिहीत नाही. नाव कुठलंही असू दे, अशा नाट्यगृहांची जात एकच असते आणि या संपादकीयाचा विषय ती जात आहे.

निम्मी पोरं म्हणाली, जायचंच. आपण काय जन्मभर नाक्यावरच बोंबलायचं काय? निम्मी म्हणाली, जो जाईल तो विकला गेला. शिवडीच्या खोलीत रात्री दोन वाजेपर्यंत कलकलाट. एकजण रागानं ढोलकी उचलून घेऊन गेला, ती अजून परत आलेली नाही. शेवटी सगळं माझ्या गळ्यात पडलं. तू संपादक आहेस, तू लिही, तू लिहिशील ते मान्य. म्हटलं बरंय. ठेकेदाराकडं दोन दिवसांचा रोज बुडवला आणि गावाकडची एसटी धरली.

हे सारोळ्यात बसून लिहितोय. पुणे-सातारा हायवेवर, नीरेच्या काठाला आमचं गाव. पूल ओलांडला की सातारा जिल्हा. विहाराच्या ओट्यावर बसलोय आणि समोर हायवेची घरघर अखंड चालू आहे. तुम्ही म्हणाल, मुंबईच्या नाट्यगृहाचा निकाल लावायला हा गडी सारोळ्याला कशाला गेला? गेलो त्याचं कारण आमच्याकडचं पाणी.

*

आमच्या वरच्या अंगाला भाटघरचं धरण आहे. वेळवंडी नदीवरचं. आधीचं लहान पडलं म्हणून इंग्रजानं मोठं बांधलं आणि १९२० च्या दशकात ते पुरं झालं. त्याला नाव दिलं मुंबईच्या गव्हर्नरचं, लॉईड डॅम. आता सरकारी पाटीवर येसाजी कंक जलाशय असं लिहितात, पण माणसं भाटघरच म्हणतात.

पाऊस पडतो भोर-वेल्ह्याच्या डोंगरात. धरण भोर तालुक्यात. पाण्याखाली गेली ती आमच्याकडची रानं आणि गावं. आणि पाणी? ते नीरेतून आमच्या पुलाखालनं निघून जातं, वीरला पोचतं, डाव्या-उजव्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसला जातं. तिथं त्याचा ऊस होतो, साखर होते, कारखाना होतो, आमदार होतो. माझी आय लहानपणी मला कडेवर घेऊन नदीवरनं हंडा आणायची. पाणी आमच्या दारावरनंच जात होतं. थांबत तेवढं नव्हतं.

उन्हाळ्यात भाटघरचं पाणी ओसरलं की कांबरेश्वराचं बुडालेलं देऊळ वर येतं. पुण्याहून गाड्या भरभरून माणसं फोटो काढायला येतात. देऊळ दगडाचं, म्हणून उरलं. महारवाड्याच्या भिंती मातीच्या असतात, त्या पाण्यात विरघळतात. त्यांचा फोटो कोण काढणार?

आता हाच लॉईड मुंबईत काय करत होता ते बघा. १९१८ ते १९२३ हा मुंबईचा गव्हर्नर. १९२० साली यानं डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट नावाचं खातं काढलं. त्या खात्यानं दोन मोठी कामं हातात घेतली. एक, बॅकबेचा समुद्र बुजवून जमीन काढायची. दुसरं, कामगारांना कोंबायला चाळी बांधायच्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि आमची शिवडी मिळून २०७ बीडीडी चाळी. बीडीडी म्हणजे त्याच खात्याचं नाव, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? एवढ्याशा खोल्या आणि सामायिक संडास. याच वरळीच्या चाळींत १९७४ च्या जानेवारीत दंगल पेटली, आणि त्या जानेवारीतल्या मोर्चात डोक्यावर पाटा पडून भागवत जाधव गेला. पँथरचा पहिला शहीद.

म्हणजे एकाच खात्यानं एका हातानं आपल्याला खुराडी बांधली आणि दुसऱ्या हातानं शेठलोकांना समुद्रातनं जमीन काढून द्यायला घेतली. त्या भरावात एवढे घोळ झाले की खुर्शेद नरिमन नावाच्या वकिलानं ते चव्हाट्यावर मांडले. त्याच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, त्यातनं तो सुटला. पुढं साठ-सत्तरच्या दशकांत समुद्र आणखी बुजवून जे टोक तयार झालं त्याला नाव दिलं नरिमन पॉइंट. भरावातला घोटाळा काढणाऱ्याच्या नावानं भरावावरचा सगळ्यात महाग बाजार बसवला. असा विनोद आपल्या वगातल्या सोंगाड्यालाही सुचला नसता.

त्याच टोकाला राष्ट्रीय कला केंद्र आहे, एनसीपीए. १९६९ साली जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभांनी ही संस्था काढली. १९८० साली तिथल्या टाटा थिएटरचं उद्घाटन इंदिरा गांधींनी केलं. आराखडा फिलिप जॉन्सन नावाच्या अमेरिकन माणसाचा. १९९९ साली शेजारी जमशेद भाभा थिएटर उघडलं. वास्तू उत्तम आहेत, कामही उत्तम चालतं, खोटं कशाला बोलू. पण १९६९ साल आपल्याला दुसऱ्या कारणानं पाठ आहे. त्याच साली १८ जुलैला गोरेगावच्या सिद्धार्थनगरात अण्णा भाऊ साठे वारले. वाटेगावहून पायी मुंबईला आलेला माणूस. गिरणीत राबला, १९४४ साली अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं, ज्याच्या तमाशांवर मुंबई सरकारनं बंदी घातली. त्या एका वर्षात मुंबईनं कलेसाठी समुद्रावर घर बांधायचं ठरवलं, आणि त्याच मुंबईत कलावंत हलाखीत मेला. या दोन बातम्या एकमेकींना भेटल्याच नाहीत. त्या भेटत नाहीत हाच आपला रोग आहे.

*

आता म्हणे जुनं शहर मरतंय. ऑफिसं नरिमन पॉइंट सोडून वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. तेव्हा शहराच्या मध्यात प्राण फुंकायला संस्कृती पाहिजे, मोठी कलाकेंद्रं पाहिजेत, म्हणजे संध्याकाळी माणसं येतील, हॉटेलं चालतील, जमिनीला भाव येईल. आणि वांद्रे-कुर्ला संकुलानंही मागं राहायला नको म्हणून मार्च २०२३ मध्ये तिथं अंबानींचं कल्चरल सेंटर उघडलं. मोठ्या थिएटरात २००० खुर्च्या, छताला आठ हजारांवर स्वारोव्हस्कीचे खडे. खाली जमीन कसली? मिठी नदीच्या खाजणावरचा भराव.

मी विचारतो, मेलं म्हणजे कोण मेलं? संध्याकाळी सातला गाडीत बसून घरी जाणाऱ्याला फोर्ट मेल्यासारखा दिसतो. रात्री मशीद बंदराला या. दाणाबंदरला या. हातगाड्या चालू असतात, गोण्या उतरत असतात, चहाची टपरी पेटलेली असते. दारूखान्यात लोखंड कापतात त्याच्या ठिणग्या उडतात. फुटपाथवर बाया भाकऱ्या थापतात. एवढी जिवंत माणसं मोजणीत धरली नाहीत की शहर मेलं असा दाखला द्यायला सरकारी डॉक्टर मोकळा.

आणि नाट्यगृहानंच शहर जगत असेल तर जी होती ती कुणी मारली? परळचं दामोदर नाट्यगृह घ्या. ना. म. जोश्यांनी १९११ साली काढलेल्या सोशल सर्व्हिस लीगचं, १९२२ चं. गिरणीची पाळी सुटली की कामगार तिथं तालमीला यायचे. मालवणी, कोकणी, घाटी, सगळ्या बोलींची नाटकं. २०२३ साली पुनर्विकासासाठी ते बंद केलं आणि त्याच्यासाठी कलावंतांना आंदोलन करावं लागलं. लालबागचं हनुमान थिएटर घ्या. तमाशाचे फड तिथं उतरायचे, गिरणगाव शिट्ट्या मारायचा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार रस्त्यावर आले, गिरण्या परत धड चालूच झाल्या नाहीत. तिकीट काढणारा खिसाच रिकामा झाल्यावर फड कुणाच्या जिवावर उतरणार? त्या थिएटराचा लग्नाचा हॉल झाला. पुण्यात १९६८ साली उघडलेलं बालगंधर्व पाडून नवं टोलेजंग बांधायचा विषय वर्षानुवर्षं पालिकेत घोळतोय. तिथं लावणीच्या कार्यक्रमाला हाऊसफुल्ल गर्दी होते आणि त्याच गर्दीला पुण्यातले सुसंस्कृत लोक नाकं मुरडतात. गल्ला चालतो, गर्दी चालत नाही.

म्हणजे गोष्ट अशी आहे. प्रेक्षक मरतो तेव्हा कुणी बोंब मारत नाही. जमिनीचा भाव मरायला लागला की संस्कृती आठवते.

*

हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. न्यूयॉर्कात सॅन वान हिल नावाची वस्ती होती. काळ्यांची आणि पोर्तो रिकोच्या लोकांची. थेलोनियस मंक त्याच गल्ल्यांत लहानाचा मोठा झाला. संगीत तिथं घराघरात होतं. नगरपालिकेनं म्हटलं, ही बकाल वस्ती आहे, शहर सुधारायचंय. सात हजारांवर कुटुंबं हलवली, आणि १९५९ साली खुद्द राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरनं येऊन लिंकन सेंटरसाठी कुदळ मारली. जगातलं नामांकित कलाकेंद्र. संगीत काढून टाकून संगीताचं घर बांधलं. मग २०२२ साली, सहा दशकांनी, तिथला मुख्य हॉल नव्यानं उघडताना त्यांनी सॅन वान हिल नावाचीच संगीतरचना करून घेतली. पोट भरल्यावर आठवण काढली. आठवण काढली हेही कमी नाही, पण घर परत मिळालं नाही.

दुसरी गोष्ट सिडनीची. त्यांचं ऑपेरा हाऊस जिथं आहे त्या टोकाचं नाव बेनेलाँग पॉइंट. बेनेलाँग हा तिथला मूळनिवासी माणूस. म्हणजे जमीन गेली आणि नाव राहिलं, हे तिथंही आहेच. पण १९६० च्या नोव्हेंबरात, काम अर्धवट असताना, पॉल रॉबसन तिथं गेला. काळा गवई, गुलामाचा पोरगा, ज्याचा पासपोर्ट अमेरिकेनं आठ वर्षं दाबून धरला होता. तो बांधकामावरच्या मजुरांसमोर उभा राहून गायला. मजूर परांच्यांवर, लोखंडी सांगाड्यांवर बसून ऐकत होते. उद्घाटन १९७३ साली राणीनं केलं. पण तेरा वर्षं आधी एका काळ्या माणसानं मजुरांसाठी गाऊन ते करून टाकलं होतं. हे चित्र मला झोपू देत नाही. आपल्या मुंबईत इतकी नाट्यगृहं बांधली, विटा वाहिल्या त्यांच्यासमोर कुणी गायलं काय?

*

आता घरचा प्रश्न. मी ज्या जमिनीवर राबतो आणि झोपतो ती मुंबई बंदराची जमीन. कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंत पूर्वेच्या समुद्राला लागून सुमारे १८०० एकर. माझा आजा सारोळ्याहून गोदीत आला तेव्हा १९४८ च्या कायद्यानं गोदी कामगाराला कायम हजेरी, कायम पगार मिळायला लागला होता. मी ठेकेदाराचा माणूस. इंदिरा डॉकात पोलादाची गुंडाळी उतरतात तिथं हूक लावतो. आज बोलावलं तर काम. प्रिन्सेस डॉक, व्हिक्टोरिया डॉक बुजवले गेले, आजाच्या पाळ्यांच्या जागा आता भराव आहेत. २०१८ साली बंदर ट्रस्टलाच या जमिनीचं नियोजन प्राधिकरण केलं. बॅलार्ड पियरला २०२५ साली क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. समुद्राकाठी फिरायचा रस्ता, बागा, करमणूक, असं सगळं बोललं जातंय. उद्या त्यात एक भव्य कलाकेंद्र येणार, यावर मी माझा आठवड्याचा रोज लावायला तयार आहे. आणि ज्या दिवशी त्याचं चित्र पेपरात छापून येईल त्या दिवशी त्या चित्रात शिवडीची आणि दारूखान्याची झोपडी नसेल, हेही लिहून ठेवा. झाडं असतील. झाडाखाली एक गोरी बाई फुगा धरलेलं पोर घेऊन उभी असेल.

म्हणून वीस मिनिटांच्या जलशाचा प्रश्न वीस मिनिटांचा नाही. आज आपण तिथं कसे उभे राहतो त्यावर उद्या आपल्या जमिनीवरच्या मंचावर आपण यजमान असू की दाखवायचं जनावर, ते ठरणार आहे.

*

आता जी पोरं म्हणतात की असल्या नाट्यगृहावर थुंकायचं, त्यांना एक कबुली देतो.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका ठिकाणी मी पुढच्या दारानं गेलो होतो. वॉचमननं हटकलं. पायातल्या गोदीच्या बुटाकडं बघून विचारलं, डिलिव्हरी काय? मग तिथं लाइटच्या कामाला असलेल्या ओळखीच्या पोरानं मागच्या दारानं आत घेतलं. मी शेवटच्या रांगेमागं उभा. एक म्हातारा सतार वाजवत होता. दोस्तहो, तारेवरनं नख निसटलेलं मला शेवटच्या रांगेत ऐकू आलं. एवढी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. शिवडीत पहाटे तीनलाही एवढी शांतता नसते. मला रडू फुटलं. सतारीनं नाही. मला आमच्या तात्याचा गळा आठवला.

तात्या म्हणजे माझा चुलत आजा. पंचक्रोशीत जलसे करायचा. पाठीमागं झिलकरी, हातात डफ, माइक नाही. उघड्या माळावर पाचशे माणसांना ऐकू जावं म्हणून रात्ररात्र ओरडून गाऊन त्याचा आवाज कायमचा फाटला. काल विहारात त्याच्यापाशी बसलो आणि बोलावण्याचं सांगितलं.

म्हणाला, “जा की. बोलावलंय तर जावं माणसानं.”

म्हटलं, “तात्या, पोरं म्हणत्यात विकलं जाईल.”

तो हसला. आता हसला तरी खोकल्यासारखंच वाजतं. म्हणाला, “आरं, आमी गावकीच्या वाड्याम्होरं बी गायलोय. वाड्याच्या ओट्यावर न्हाय, खाली मातीत हुबं राहून. फुडल्या साली सांगितलं, आमी गातो, पण ओट्यावरनं. न्हायतर तुमी या आमच्या वस्तीत ऐकाया. एक साल कुनी आलं न्हाय. दुसऱ्या साली चार जन आलं. बोलावलंय तर जा. पर येताना त्यास्नी घिऊन ये.”

मला वाटतं चळवळीचा निकाल तिथंच लागला. बाकी मी फक्त कागदावर उतरवतोय.

*

पण त्याआधी स्वतःच्या ढुंगणाखालचा अंधार बघू. जलसा हे आपलं विद्यापीठ होतं. भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक यांच्यासारख्यांनी गावोगाव पायपीट करून बाबासाहेब निरक्षर माणसाच्या कानात नेऊन ठेवले. आणि आज आपल्या जयंतीत काय वाजतं? डीजेची भिंत. छातीची हाडं हलतात, शब्द एक ऐकू येत नाही. समाजमंदिराला कुलूप आणि कुलपाची चावी नगरसेवकाच्या माणसाकडं. आत कॅरम बोर्ड, बाहेर वाढदिवसाचं फ्लेक्स. शहरातल्या शेठनं आपलं गाणं चोरलं म्हणून ओरडताना आपणच ते कुठं टाकून आलो हेही विचारलं पाहिजे.

विलास घोगरे आठवतो? ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मारली. चार दिवसांनी या शाहिरानं गळफास घेतला. त्याचा आवाज आज ऐकायचा तर ‘जय भीम कॉम्रेड’ हा २०११ चा माहितीपट लावावा लागतो. आपल्या एका तरी समाजमंदिरात शाहिरांचे आवाज जपून ठेवलेलं कपाट आहे? नसेल तर एनसीपीएला शिव्या देण्याआधी एक कपाट आणा.

आणि आपल्या पथकात पोरी किती? दोन. त्यातल्या एकीला तालमीहून उशीर झाला म्हणून तिच्या भावानं, आपल्याच कार्यकर्त्यानं, बोल लावले. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या खेळाचं उत्पन्न चळवळीला देऊ केलं तेव्हा बाबासाहेबांनी ते नाकारलं, ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो. बाईला नाचवून आलेला पैसा नको, एवढंच त्यातनं घेतो. पण त्या मंचावर पवळासारखी आपली बाई काय अटींवर उभी होती, हा त्यातला खरा सवाल आहे. मंच वाईट नसतो. अटी वाईट असतात. तो सवाल आज आपल्यालाही लागू आहे. काचेच्या नाट्यगृहात आपण कुठल्या अटींवर उभे राहणार?

*

म्हणून माझा निकाल असा. जायचं. पण आपल्या अटींवर. पत्र मी उद्याच टाकतोय. त्यात हे लिहिलंय:

पहिलं, जाहिरातीत ‘लोककला’ असं गुळमुळीत लिहायचं नाही. ‘आंबेडकरी जलसा’ असं लिहायचं. आमचा राग लोकनृत्यांच्या यादीत बसवायचा नाही.

दुसरं, संहितेतला एक शब्द कुणी कापायचा नाही. वीस मिनिटं दिलीत ना? ती आमची.

तिसरं, फुकट पास नकोत. आम्ही काय लग्नाचे वऱ्हाडी नाही. पण दोनशे खुर्च्या मजुराला एका पाळीच्या चहापाण्यात परवडतील अशा दरानं विकायच्या, आणि त्या मागच्या नव्हे, सगळ्या रांगांत पसरलेल्या. गोदीचा बूट घालून येणाऱ्याला पुढच्या दारानं सोडायचं.

चौथं, आमच्या पाच पोरापोरींना महिनाभर तुमच्याकडं आवाज आणि उजेडाचं काम शिकवायचं. खिळा कुठं ठोकतात एवढंच आम्हाला ठाऊक आहे. आवाज कसा बसवतात ते आम्हाला पाहिजे आहे. तात्याचा गळा फाटला तसा पुढच्या कुणाचा फाटू नये.

पाचवं, आणि हेच मुख्य. त्याच आठवड्यात तोच जलसा, तेच माइक, तेच दिवे, तीच तुमची माणसं घेऊन शिवडीच्या वस्तीत करायचा. तुमचे प्रेक्षक तिथं येऊन खाली सतरंजीवर बसतील. चहा आम्ही पाजू.

पाचवी अट मान्य नसेल तर आपण जाणार नाही, मानधन दुप्पट केलं तरी. पाऊस आमच्याकडं, धरण तुमचं, कालवा तुमच्या उसाला, हा हिशेब भाटघरला शंभर वर्षं चाललाय. गाण्याच्या बाबतीत तो चालू देणार नाही. कालवा उलटा काढायचा.

जे म्हणतात जाणारा विकला गेला, त्यांना सांगतो, विकला जातो तो दार बघून नाही, दर बघून. आणि जे म्हणतात काहीही करून जाऊ, त्यांनाही सांगतो, खुर्चीच्या मखमलीला आपली पाठ लवकर सवयीची होते. दोघांनी डोळे उघडे ठेवा.

आणि बंदराच्या जमिनीची मागणी आजपासून लिहायला घ्या. कलाकेंद्र येऊ दे, आम्ही कला मागणारी माणसं आहोत. पण त्याच्यासाठी एक झोपडी हलवायची नाही. हलवलीच तर पक्कं घर तिथंच, त्याच किनाऱ्यावर. आत तालमीच्या खोल्या वस्तीतल्या पथकांना नाममात्र भाड्यात. १४ एप्रिलची तारीख कायमची आपली. ती १९४४ साली गोदीत स्फोट होऊन शेकडो माणसं मेली त्याचीही तारीख आहे. तेव्हा दर्शनी भिंतीवर देणगीदारांच्या आधी गोदीत मेलेल्यांची नावं. आणि पाया भरायच्या दिवशी, मंत्र्याच्या नारळाच्या आधी, विटा वाहणाऱ्या बायांसमोर आमचा शाहीर गाईल. रॉबसन गायला तसा. ही मागणी हस्तलिखित, छापील, भिंतीवर, लोकलच्या डब्यात, जिथं जमेल तिथं लावा. प्रत्येक वस्तीनं आपापली मागणी जोडून आमच्या पत्त्यावर पाठवा. पुढच्या अंकात सगळ्या छापू.

अंधार पडलाय. तात्या काठी टेकत आला, विचारतोय, लिहून झालं का? म्हटलं, झालं. म्हणाला, वाच. वाचलं. पाचव्या अटीपाशी त्यानं हात वर केला, म्हणाला, “सतरंजी आपली न्हाय, त्यास्नी घिऊन या म्हनावं.” मग खोकल्यासारखं हसला. दुरुस्ती मान्य केली आहे. पत्रात तसं घालतोय.

उद्या पहाटेची गाडी धरून पाळीला जायचंय. ज्यानं ढोलकी नेलीय त्यानं ती रविवारपर्यंत खोलीवर आणून ठेवावी. तालीम सुरू करायचीय.

जय भीम.